उतार आणि नारिंगी गोळी

मुलांनो, कल्पना करा. सकाळी तुम्ही अंथरुणातून उठता आणि तुमच्या मांड्या तुमचं ऐकतच नाहीत. खाली बसायला गेलात तर गुडघ्याच्या वर कुणी चिमटे लावून ओढतंय असं वाटतं. पायरी उतरायची तर भिंत धरावी लागते. आणि अशा पायांनी तुम्हाला कुणीतरी डोंगराच्या उतारावरून धावा म्हणतंय. आली कल्पना? आता त्या जागी रुमानाला उभं करा. आणि तिच्या शेजारी, तिचे हाल बघून मनातल्या मनात खूश होणाऱ्या मंगळीला.

मंगळीला रुमाना डोळ्यांसमोर नको असायची. रुमाना जव्हारच्या बाजारातल्या भांडेवाल्याची मुलगी. मंगळी दाभोशाकडच्या पाड्यावरची, शाळेच्या वसतिगृहात राहणारी. पहिल्याच दिवशी तिचे अनवाणी पाय बघून रुमानाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हिला खूर आहेत का गं?"

मंगळीही काही कमी नव्हती. "आणि तुला दुकानातल्या फळीवर ठेवली होती काय? जरा ऊन लागलं की काळवंडतेस!"

तेव्हापासून दोघी एका संघात धावत होत्या, पण एकमेकींशी धड एक शब्द बोलत नव्हत्या.

संघ नीलेश सरांचा होता. मोखाड्याला डोंगरातली शर्यत होती. तिथे पुढे येणाऱ्या मुलींना क्रीडा वसतिगृहात घेणार होते. मंगळीला तिथे जायचंच होतं, कारण नाही गेली तर दिवाळीनंतर तिला आईबापाबरोबर वीटभट्टीवर जावं लागणार होतं.

सर रोज सरावानंतर प्रत्येकीच्या हातावर दोन गोळ्या ठेवत. एक नारिंगी, चघळायची. एक हिरवी, बुळबुळीत कॅप्सूल. "जीवनसत्त्वं आहेत. ही घेतली की पाय दुखत नाहीत. जी घेणार नाही ती संघाबाहेर," असा त्यांचा नियम.

मंगळी त्या गोळ्या घेत नव्हती. तिच्या पाड्यावर बाहेरगावाहून घरी येणारं माणूस रिकाम्या हाताने येत नाही, पोरांना काहीतरी खाऊ आणतंच. मंगळीजवळ आणायला दुसरं होतं काय? नारिंगी गोळ्या ती दप्तरात साठवायची आणि शनिवारी घरी गेली की धाकट्या पारूला द्यायची. पारू त्या गोड-आंबट गोळ्या चोखत अंगणभर नाचायची. हिरव्या कॅप्सूल मात्र मंगळी करवंदीच्या जाळीत भिरकावून द्यायची.

परवा सरांनी पहिल्यांदाच सगळ्यांना शाळेमागच्या उतारावरून पळवलं. पुन्हा पुन्हा, वरून खाली. आज सकाळी बाकीच्या मुली थोड्या कुरकुरल्या, पण त्या पाड्यांवरच्याच होत्या, पळायला तयार झाल्या. रुमानाला मात्र शाळेची पायरीसुद्धा उतरवेना.

"गोळ्या कुठे टाकतेस?" सरांनी विचारलं.

"सर, रोज खाते. अम्मीची शपथ!"

"खोटं बोलू नकोस. खाल्ल्या असत्या तर दुखलं असतं का? ही मंगळी बघ. परवा तुझ्याएवढीच पळाली. आहे का काही तक्रार? का? कारण ती गोळ्या घेते!"

मुली हसल्या. मंगळीही हसली. रुमाना तिच्याकडे बघून दातांतल्या दातांत म्हणाली, "हस, हस. खूरवाली!"

इथे जरा थांबू या, कारण सरांची गफलत समजून घ्यायला हवी. उतार उतरताना मांडी ब्रेकचं काम करते. स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला सगळा देह पेलावा लागतो. सवय नसली की आतले बारीक धागे दुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका लागतो. विश्रांती मिळाली की ते भरून येतात आणि पुढच्या उताराला जास्त तयार होतात. मंगळी चालायला लागल्यापासून नदीकडचा उतार उतरत आली होती, पुढे पुढे डोक्यावर मोळी घेऊन. रुमाना पठारावरच्या सपाट गल्ल्यांत वाढलेली. ही सवय गोळीतून येत नाही. खेळणाऱ्या मुलींना अशा गोळ्या देऊन शहाण्या माणसांनी पाहिलंय. कधी थोडा फरक दिसतो, पुष्कळदा काहीच दिसत नाही. फार गोळ्या घेतल्या तर सरावाने येणारी ताकदच कमी येते की काय, अशीही काहींना शंका आहे.

यातलं काहीच मंगळीला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की जी खरं बोलत होती ती रडत होती आणि जी गोळ्या फेकत होती तिची वाहवा चालली होती.

"चल, वर चढ," सर रुमानाला म्हणाले. "सगळ्यांच्या पुढे पळायचं. नाटक आपोआप उतरेल."

रुमाना एकेक पाय हाताने उचलावा तशी वर गेली. सर आणि बाकीच्या मुलीही वर आल्या. ती सगळ्यांच्या पुढे, मंगळीच्या शेजारीच उभी राहिली. खाली दगडगोट्यांची अरुंद पायवाट होती, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं.

मंगळीने पारूचा विचार केला, वीटभट्टीचा केला, आणि गप्प बसल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

"सर, मी नाय खात गोळ्या!"

"काय?"

"नाय खात. एक पण नाय खाल्ली. नारिंगी माझी बहीण खाते. हिरव्या फेकते मी."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "फुकटची औषधं फेकतेस? तू संघाबाहेर! आत्ताच्या आत्ता!"

"पण मग माझे पाय का नाय दुखत, सर?"

"मला उलट विचारतेस? हो बाजूला! रुमाना, तू पळ. तू खाल्ल्यास ना? मग तुला काही होणार नाही."

मंगळीने बाजूला वळून पाहिलं. रुमानाच्या डोळ्यांत आभाराचा थेंबही नव्हता.

"तुला कोणी मध्ये पडायला सांगितलं होतं?" ती पुटपुटली. "तुझ्यावाचून अडलं नव्हतं माझं."

"तुझ्यासाठी नाय बोलले, भांडेवाली."

सरांनी शिट्टी तोंडात धरली. रुमानाने डोळे घट्ट मिटून घेतले आणि एक पाय पुढे टाकला. शिट्टी वाजली.

मंगळी दोन ढांगांत तिच्या पुढे गेली आणि पायवाटेच्या मधोमध, दगडांवर, मांडी घालून बसली.