मिशी असली की चालतं

मला मिशी फार छान दिसते. हे मी नाही, अख्खं मुडबी गाव म्हणतं.

गॅदरिंगला पोरा-पोरींनी एका डान्समध्ये नाचायचं नाही, असा आमच्या शाळेत नरहर सरांचा नियम आहे. त्यामुळे नवरा-बायकोचा डान्स असला की एक पोरगी नवरा होते. ती मी, सुकन्या. धोतर, पटका आणि काजळाची मिशी. बायको कायम ज्योती. ती माझ्याच बाकावर बसते, मी येते त्याच जीपनं गावातून तालुक्याला, कल्याणच्या शाळेला येते, आणि माझ्या पायावर पाय न देता नाचणारी तेवढी एकच आहे.

मागच्या वर्षी आम्ही पहिलं बक्षीस काढलं. त्याआधी हजेरीला ‘यस सर’ म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. आता सर ‘बस खाली’ म्हणतात तरी माझं बोलणं संपत नाही. ज्योतीच्या आईनं, राजूबाई मावशीनं, तो व्हिडिओ स्टेटसला टाकला होता, वर लाल बदाम. रस्त्यात दिसले की हाक मारायची, “ओ जावईबापू, जेवून जावा की!”

मीही नसलेल्या मिशीला पीळ देऊन म्हणायचे, “कोंबडी केली असली तर येतो, सासूबाई!” ओट्यावरच्या बाया हसून लोळायच्या.

यंदाचा डान्स औरादच्या बाजाराचा. नवं जोडपं बाजाराला जातं, नवरा बायकोच्या हातात बांगड्या भरतो, ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकते, गाणं संपतं. एका तालमीला काजळाची डबी घरी राहिली. म्हटलं राहू दे, नाचायचं पायांनी आहे. नाचलो. ज्योतीनं डोकं टेकलं. नंतर म्हणाली, “आज लई चांगलं झालं गं. मिशी असली की मला हसूच येतं.”

मलाही चांगलं वाटलं. कामून ते विचारू नका, वाटलं एवढंच.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी नरहर सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि मोबाइल पुढं धरला.

“हे काय हाय?”

“डान्स, सर.”

“ते दिसायलंय मला. असं कामून नाचायलाव?”

“तुम्हीच पास केला की सर. याच स्टेप.”

“स्टेप याच हायत. पण यात दोन पोरी दिसायल्यात.”

“दोन पोरीच आहोत की, सर.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मिशी लाव. मिशी असली की चालतं. न्हाईतर डान्स कॅन्सल.”

“मग आमच्या वर्गातल्या वीरण्णाला घेऊ का? त्याला खरीच फुटायलीय.”

“गप! पोरगा-पोरगी एका स्टेजवर? मला गावात तोंड दाखवायचंय!”

मी व्हरांड्यात येऊन डोकं खाजवत उभी राहिले. खरा पोरगा चालत नाही. खरी पोरगी चालत नाही. खोटा पोरगा चालतो. गणितात मी बरी आहे, पण हे सुटेना.

मिशी कबूल केली. डान्स वाचला, पण ज्योती हातची जायला लागली. संध्याकाळी ती जीपमध्ये माझ्याजवळ न येता पुढं जाऊन बसली. सकाळी बाकही बदलला. मधल्या सुट्टीत नळावर गाठलं, तर म्हणाली, “आई म्हणली, सुकन्याजवळ बसू नको.”

“कामून?”

“तिला पण ठाऊक न्हाई वाटतंय. विचारलं तर रडायली.”

मग मी सरळ त्यांच्या घरी गेले. मावशी टीव्हीसमोर शेंगा सोलत होती. पडद्यावर एक ढेरपोट्या बाप्या लुगडं नेसून दुसऱ्या बाप्याच्या गळ्यात पडत होता, आणि मावशी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. मला बघून हसू थांबलं. तरी मूठभर शेंगा दिल्याच.

“मावशी, माझं काय चुकलं?”

“काय बी न्हाई गं बाई.”

“मग ज्योतीला कामून सांगितलंस?”

“लोक काय काय बोलायलेत. ते बरं दिसत न्हाई.”

“आणि हे?” मी टीव्हीकडं बोट केलं.

“ती कॉमेडी हाय.”

“आणि आमचा मागच्या वर्षीचा? तू तर स्टेटसला टाकला होतास.”

“तवा मिशी होती की!” असं म्हणून मावशी स्वतःच थबकली. शेंग हातात तशीच राहिली. मग म्हणाली, “चहा पितीस का?”

गॅदरिंगला मी काजळानं मिशी काढली ती चांगली जाडजूड, गालापर्यंत. बांगड्या भरल्या, ज्योतीनं खांद्यावर डोकं टेकलं, शिट्ट्यांनी मांडव दणाणला. पुढच्या रांगेतली राजूबाई मावशी थेट स्टेजवर चढली आणि आमच्या दोघींवरून कडाकडा बोटं मोडली. “काय जोडा शोभायलाय! दृष्ट लागंल गं!”

सगळ्या पोरी तोंड धुवायला नळावर पळाल्या. मी गेले नाही. मिशीसकट जीपमध्ये चढले आणि सगळ्यांच्या देखत ज्योतीशेजारी बसले. समोरच्या सीटवरून मावशी हसली. “बसा, जावईबापू, बसा.”

जीप निघाली. किती दिवसांनी ज्योतीचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. ती कुजबुजली, “आता रोज मिशी लावूनच शाळेला ये.”

“रोज?”

“मग काय करणार?”

तेवढ्यात मावशी माझ्याकडं वाकली. “बघू तोंड. घामानं समदं काळं झालंय लेकराचं.” तिनं बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक भिजवलं आणि माझी मिशी पुसली. हळूहळू, ओठ न दुखवता, आमची आई पुसते तशी. हनुवटीला हात लावून म्हणाली, “किती गोड दिसती गं माझी बाई.”

आणि उठून चालत्या जीपमध्ये आमच्या दोघींच्या मध्ये बसली.

तिचा हात माझ्या पाठीवर होता, खड्डा आला की घट्ट धरायचा. राग असता तर हात काढला असता ना? आणि माया होती तर मध्ये कशाला बसली? ज्योतीला विचारावं म्हणून मी मावशीच्या पाठीमागून वाकून पाहिलं. पलीकडून ज्योतीही वाकूनच बघत होती.