मृत : एकशे अठ्ठेचाळीस

तिने गुडघे टेकून वाळू बाजूला सारली आणि तोंडात आलेली शिवी कशीबशी गिळली. जळून कोळसा झालेल्या झुडपाच्या बुंध्याशी, वाऱ्याने साचलेल्या वाळूखाली, फिकट हिरवे कोंब होते. चार. शेजारच्या झुडपाला सहा.

वाळवंटात वणवा लागून आठ महिने झाले होते. आगीनंतर दीड महिन्याने इथली मोजणी तिनेच केली होती. फांदी नखाने खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत, नाहीतर मृत. एकशे साठपैकी एकशे अठ्ठेचाळीस मृत. तक्ता इतका नेटका होता की साहेबांनी तिला पुढच्या महिन्यात कायम करायचं कबूल केलं होतं. आणि त्याच तक्त्यावरून उद्या सकाळी इथली जमीन नांगरून गवत पेरायला ट्रॅक्टर येणार होता.

तिने साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, आकडे तुझेच, सही तुझीच. पावसानंतर एखादं-दुसरं फुटलं असेल, तेवढ्यासाठी काम थांबत नाही. फेरमोजणीचा अर्ज कर, पुढच्या बैठकीत बघू.

"तोवर मोजायला काय उरणार? ढेकळं?" ती म्हणाली. फोन केव्हाच बंद झाला होता.

जीपवाले काका बॉनेटला टेकून ऐकत होते. "ताई, तुम्ही नाडी बघितलीत कुठे?"

"फांदीला."

"बरं झालं, डॉक्टर नाही झालात."

तिला हसू आलं नाही. साहेबांवर चिडणं सोपं होतं, पण खुरपं त्या दिवशीही तिच्याच पिशवीत होतं. रकाना भरायच्या नादात ते बाहेर काढायचं तिला सुचलंच नव्हतं.

दुपारभर दोघांनी एकेक बुंधा उकरला. मृतांपैकी त्र्याण्णव जिवंत निघाली. मग बॉनेटवर कागद ठेवून तिने लिहिलं, 'माझी पहिली मोजणी चुकीची आहे. तिच्या आधारे कोणतंही काम करू नये.' सही केली. फोटो साहेबांना पाठवला आणि साहेबांच्या वरच्या बाईंनाही.

अर्ध्या तासाने साहेबांचा निरोप आला. ट्रॅक्टर रद्द. सोमवारी ये, तुझ्या नोकरीचं बोलायचंय.

तिने फोन खिशात टाकला. "काका, वाळू परत लोटायला हवी. कोंब करपतील."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

काका कंबर धरून, कुरकुरत, पुन्हा खाली बसले.