दोन बोटं अलीकडे

शिंप्याच्या टेबलावर मोटरसायकलचे सुटे भाग पडलेले तिने पहिल्यांदाच पाहिले. इस्त्री खाली ठेवलेली, कात्री खिळ्याला टांगलेली, आणि जिथे एरवी कोटाचं कापड पसरलेलं असायचं तिथे दोन जाडजूड काळे फूटरेस्ट, त्यांचे क्लॅम्प आणि चार बोल्ट. शेजारी खाकी कागदावर खडूने एक पाय आखला होता. मांडी, गुडघा, पोटरी, टाच. प्रत्येक ठिकाणी बाबांच्या बारीक अक्षरात इंचांचे आकडे.

"कुणाचं माप?" तिने खांद्यावरची पिशवी उतरवत विचारलं.

"आहे एक गिऱ्हाईक," बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले. "म्हातारं आहे. उजवा गुडघा भलता खडूस आहे त्याचा."

तिला हसू आलं नाही. तीन तासांच्या बसप्रवासात तिने मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं: उद्या दुपारी गाडी बघायला माणूस येणार, गाडी जाणार, बाबा दोन दिवस गप्प राहणार आणि मग सगळं सुरळीत होणार. हे फूटरेस्ट त्या हिशेबात कुठेच बसत नव्हते.

आईला जाऊन दहा महिने झाले होते. आई पाणीपुरवठ्यात होती, पाइपलाइन तपासायला रोज पन्नास-साठ किलोमीटर मोटरसायकल हाकायची. निवृत्त झाली तेव्हा लोकांनी तिला शाल दिली आणि तिने स्वतःला लांब पल्ल्याची, म्हशीसारखी भारदस्त मोटरसायकल दिली. नवऱ्याला मागे बसवायची आणि निघायची. बाबा बायकोच्या मागे बसतात म्हणून गल्ली हसायची. बाबा म्हणायचे, "पुढच्याला नुसता रस्ता दिसतो. मला दोन्ही बाजू फुकटात दिसतात." पण त्यांना चालवायलाही आईनेच शिकवलं. साठी उलटल्यावर लायसन्स काढायला लावलं. "हळू चालवतात," ती सांगायची, "पण शिवण तिरकी जात नाही."

आई गेल्यावर बाबा दोनदा गाडी घेऊन निघाले आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात परत आले. चाळीस वर्षं मशीन मारून झिजलेला गुडघा. जरा वेळ दुमडून ठेवला की गंज चढल्यासारखा अडकायचा. दुसऱ्या वेळी तर दारात गाडी थांबवल्यावर त्यांना पाय टेकवेना. शेजाऱ्याने धरलं म्हणून बरं. ते ऐकल्यावर तिने मामाला फोन केला होता. "मामा, गाडीला कुणीतरी गिऱ्हाईक बघ. मी सांगितलं असं बाबांना कळू देऊ नकोस." मामाचं गॅरेज होतं, चार माणसं ओळखीची होती, आणि बहिणीच्या मागे दाजींना काही झालं तर त्याला झोप लागली नसती. त्याने आठवड्यात माणूस शोधला आणि सगळं आपल्या अंगावर घेतलं.

बाबा मात्र गप्प बसले नाहीत. लांबच्या रस्त्याला पाय पुढे ताणून टेकवता येतील असे जादा फूटरेस्ट असतात, हे त्यांना आईच्याच एका मासिकात सापडलं होतं. लेगगार्डला बसतात. गुडघा सरळ राहतो. त्यांनी ते मागवले आणि मामाला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी गॅरेजमध्ये मामाने तोंड वाकडं करूनच पाने काढले.

"दाजी, आरामखुर्चीत बसल्यासारखे पाय पसरणार, आणि समोर कुत्रं आलं तर?"

"त्याला म्हणेन, थांब, पाय काढतो."

"चेष्टा नको. ब्रेक खाली आहे. तुमचा पाय तिथवर पोचायच्या आत तुम्ही पुढच्या गावात पोचाल."

"मग परीक्षा घ्या, मेव्हणेबुवा."

मामाला हेच हवं होतं. ठरलं ते असं: गोदामामागच्या सिमेंटच्या मैदानावर बाबांनी चाळीसच्या वेगाने यायचं, दोन्ही पाय पुढच्या फूटरेस्टवर. पहिल्या रेघेशी मामा हातातलं फडकं टाकणार. तिथून तीस पावलांवर दुसरी रेघ. तिच्या आत गाडी थांबली तर किल्ली बाबांची. नाही थांबली तर दुपारी माणूस येतोच आहे.

"एकदाच," मामा म्हणाला.

"एकदाच," बाबांनी मान डोलावली.

लेगगार्डवर बाबांनी खडूने खुणा केल्या, मामाने बरोबर त्या खुणांवर क्लॅम्प आवळले. "माप तुमचं. नंतर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

मैदानावर ती गोदामाच्या भिंतीपाशी, सावलीत उभी राहिली. बाबांनी हेल्मेटची पट्टी दोनदा तपासली, दूर जाऊन गाडी वळवली आणि आले. ताठ बसलेले, पाय समोर. मामाने फडकं टाकलं. बाबांचा हात ब्रेकवर लगेच आला, पण उजवा पाय काठीसारखा आधी वर उचलला गेला, मग मागे आला, मग पेडल शोधत हवेत घुटमळला. गाडी थांबली ती दुसऱ्या रेघेच्या दीड हात पुढे.

मामाने फडकं उचललं, झटकलं, त्याची उगाच घडी केली.

"दाजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "किल्ली द्या."

बाबांनी किल्ली काढली.

तिने सगळं पाहिलं होतं, आणि तिला कळलं होतं. पाय पूर्ण सरळ होता. इतका, की गुडघ्यात बळच उरलं नव्हतं. अख्खी तंगडी मांडीपासून उचलावी लागत होती. फूटरेस्ट जरासे लांब बसले होते. ती लहानपणी बाबांच्या टेबलाखाली चिंध्या वेचत वाढली होती. कागदावरच्या आकड्यांपुढे ते गिरवत असलेली बारीक रेघ तिने शेकडो वेळा पाहिली होती. शिवणीत जाणाऱ्या कापडाची रेघ.

आता नुसतं गप्प राहायचं होतं. दुपारी माणूस आला असता. रात्री-अपरात्री फोन वाजला की काळजात धस्स होणं थांबलं असतं. बाबा बसने तिच्याकडे आले असते, नाक्यावर उतरले असते, छत्री विसरले असते, बस्स. यापेक्षा जास्त काही तिला नको होतं.

बाबा गाडीवरून उतरत होते. हळूहळू. अडकलेल्या गुडघ्याने नव्हे. गुडघा अगदी मोकळा होता. नुसतं उतरायचं नव्हतं म्हणून.

"बाबा," ती म्हणाली, "पायाचं माप घेतल्यावर किती सोडलंत?"

"किती म्हणजे? नेहमीचं. दोन बोटं..."

ते थांबले. लेगगार्डकडे बघितलं. मग कपाळावर हात मारून असे हसले, की मामाला वाटलं धक्क्याने फिरलं डोकं.

"शिवणीला सोडली! अरे, लोखंडाला शिवणीला दोन बोटं सोडली मी! चाळीस वर्षांत कुणाची पँट तोकडी झाली नाही, आणि स्वतःची ही अशी केली."

"मामा," ती म्हणाली, "पुन्हा घे परीक्षा."

"एकदाच ठरलं होतं." मामाने तिच्याकडे चमकून पाहिलं. तूच ना गं ती, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

"ती कच्च्या टाक्यांवरची ट्रायल होती. पहिल्या ट्रायलला कोण कोट घालून घरी जातं? तुझ्या लग्नाच्या कोटाला किती ट्रायल झाल्या होत्या?"

"तीन," बाबा पटकन म्हणाले. "दर ट्रायलला पोट पुढे आलेलं असायचं."

"दाजी, पोटावर जायचं नाही हं," मामा म्हणाला, पण ओठ आवळत. त्याने पान्यांची पिशवी पायाने तिच्याकडे सरकवली. "मी हात लावणार नाही. ज्याला हौस आहे त्याने करावं."

ती सिमेंटवर मांडी घालून बसली. बोल्ट सैल केला. क्लॅम्पखाली मामाने जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, ती तिने सोडवून पुन्हा घट्ट गुंडाळली. आई तशीच गुंडाळायची, सुरकुती पडू न देता, एका टोकावर अंगठा दाबून. दहा महिन्यांत तिने या गाडीला बोट लावलं नव्हतं. बाबा गाडीवर चढून बसले, डोळे मिटले, पाय पुढे टाकले. तिने टाच धरून पाय मागे आणला. एक बोट, दोन बोटं. गुडघ्याला नखभर बाक आला.

"इथे?"

"ढुंगण नीट टेकू दे. हं. इथे."

तिने खूण केली, क्लॅम्प सरकवला आणि दोन्ही बाजू आवळल्या. पान्यावर शेवटचा जोर दिला आणि बोल्ट पुन्हा एकदा चाचपून पाहिले.

बाबा दूर गेले, वळले, आले. फडकं पडलं. पाय खाली आला तो मशीनच्या पायट्यावर यावा तसा, न बघता, न शोधता. गाडी थांबली. मामा रेघेपर्यंत चालत गेला, मागे फिरून पावलं मोजत आला. चार पावलं शिल्लक होती. तो नुसता हात फिरवून म्हणाला, "अजून एकदा." त्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला पाच पावलं शिल्लक राहिली.

गोदामाचा पहारेकरी एव्हाना खुर्ची घेऊन बाहेर आला होता. "कोण हो हे?" त्याने विचारलं.

"आमचे दाजी," मामा म्हणाला. छाती पुढे काढून, जणू त्यानेच शिकवलं होतं. "शिंपी आहेत. फूटरेस्ट स्वतः माप घेऊन बसवलेत." मग खिशातून फोन काढून तो बाजूला गेला आणि दुपारच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं.

बाबा हेल्मेट काढत तिच्यापाशी आले. घामाने केस कपाळाला चिकटले होते. तिला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं.

"बाबा, गाडी विकायचं मामाच्या नाही, माझ्या डोक्यात होतं."

"माहीत आहे. मामाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात." त्यांनी रुमालाने मान पुसली. "तुझं चुकलं नाही. पण बसने आलो तर पाहुणा म्हणून येणार मी, बसच्या वेळेवर उठणार. गाडीने आलो तर भांडून हवं तेव्हा निघता येईल."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी, दात दिसतील इतकी.

"मला उद्या परत जायचंय," ती म्हणाली. "सोडाल?"

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तीन तास आहेत."

"तासातासाला थांबू."

तिने नवऱ्याला फोन लावला. मामा, पहारेकरी, बाबा, सगळे ऐकत होते, आणि ऐकावं अशाच आवाजात ती बोलली.

"स्टँडवर घ्यायला येऊ नकोस. हो, उद्याच येतेय. नाही, बसने नाही. मोटरसायकलने." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने मान वर केली.

"मी कशी चालवणार? बाबा चालवतायत."