अकरा मिनिटांचं रडणं

शिवतेज दोन कागद घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा मला खरं तर आनंदच झाला होता. चौथीतून गेलेली मुलं पुन्हा काही तपासून घ्यायला येत नाहीत. रस्त्यात भेटली की नमस्कार करतात, निकाल लागला की पेढा देतात, एवढंच. हा तर कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता.

"गुरुजी, एवढं बघा की. बाहेरच्या देशात छापणार हायत, चूक नको."

त्याचा आणि शाहनवाजचा एक बँड होता, नाव 'मळी', साखर कारखान्यातून निघते ती. शाहनवाज म्हणजे सिकंदर मिस्त्रींचा मुलगा. मिस्त्रींचं हायवेला लागून उसाच्या ट्रॉल्या जोडायचं वर्कशॉप आहे. शुक्रवारी दुपारी ते बंद असतं. मग त्या पत्र्याच्या शेडमध्ये शाहनवाज ड्रम वाजवायचा आणि शिवतेज गिटार गळ्यात घालून घशातून असा आवाज काढायचा, की पहिल्यांदा मला वाटलं कुणाला करंट बसला. या संगीताला मेटल म्हणतात, आणि त्यातही हे दोघे आडवाटेचं काहीतरी करत होते. मी तीन-चारदा जाऊन बसलो. कळत नसलं तरी जरा वेळ बसून बघा, असं मुलांना इतकी वर्षं सांगितल्यावर मला उठून जाता येईना. हळूहळू ओळख पटली. कारखान्याचा भोंगा, कारखान्याच्या गव्हाणीत पडणाऱ्या उसाच्या मोळ्या, ट्रॉलीचं घासणारं चाक, असे आमचेच आवाज त्यांनी गाण्यात भरले होते.

शिवतेज मला त्यांच्या जगातल्या बातम्याही वाचून दाखवायचा. पुण्याचा एक मुलगा इंटरनेटवर या संगीताचं पान चालवत असे. कुठल्या बँडचा ड्रमर सोडून गेला, कुणाचा कार्यक्रम शेजाऱ्यांनी पोलीस बोलावून बंद पाडला, कुणाच्या पन्नासच कॅसेटी निघाल्या आणि एका दिवसात संपल्या.

"कॅसेटी? अजून निघतात?"

"आमच्यात निघत्यात, गुरुजी. जग पुढं चाललंय, आमी मागं."

आता 'मळी'चीच बातमी येणार होती. फिनलंडमधला एक माणूस त्यांचं अकरा मिनिटांचं गाणं कॅसेटवर काढणार होता. गाण्याच्या मध्यात एका बाईचं रडणं होतं. तिचे शब्द त्याला छापायला हवे होते. गाताना एक अक्षर कळत नाही, म्हणून त्यांच्यात सगळे शब्द कागदावर द्यायची रीत आहे. शिवतेजनं पुन्हा पुन्हा ऐकून ते उतरवले होते.

चार ओळी वाचल्या आणि मला कळलं, रडणं धोंडुबाईचं आहे.

धोंडुबाई ही शिवतेजची थोरली चुलती. तिचे यजमान लालासाहेब सैन्यातून हवालदार होऊन घरी आले आणि दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात छातीत कळ येऊन गेले. तिला मूलबाळ नाही. घर एकत्र. धाकटे दीर भाऊसो, त्यांची बायको आणि हा शिवतेज. शिवतेज तिलाच थोरली आई म्हणायचा आणि तिच्याच हातचं जेवायचा.

आमच्याकडे बायका प्रेतापाशी हेल काढून रडतात. रडता रडता सगळं सांगतात, कुणी काय सोसलं, कुणी काय दिलं नाही, कोण आजारपणात फिरकलं नाही, अगदी नात्यानिशी. आणि त्यातलं काही कुणी धरून ठेवत नाही. जिच्या नावानं रडली, तीच जाऊ तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडाला पाणी लावते. रडण्यातल्या वाक्याचा जाब दुसऱ्या दिवशी विचारलेला मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही.

कागदावर लिहिलं होतं:

"बर्फात चौकी राखलीसा वो, घरच्या उन्हात गेलासा. भावजी, गाडी काढा म्हनलं वो. तुमी म्हनलासा, एवढी खेप काट्यावर जाऊ द्या. खेप गेली वो भावजी, मागनं माझं मानूस गेलं."

भावजी म्हणजे शिवतेजचे वडील भाऊसो, आणि काटा म्हणजे कारखान्यात ऊस वजन करायचा.

"थोरल्या आईला विचारलंस का?" मी म्हणालो.

"त्यात काय इचारायचं? सगळ्या गावानं ऐकलंय की ते. मी तवा कट्ट्यावर फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून बसलेलो. शाहनवाज बी म्हनत हुता, इचार म्हनून. पर फिनलंडातल्या मानसाला काय कळतंय, भावजी कोन आन् खेप कसली?"

इथे मी कागद बाजूला ठेवायला हवा होता. पण त्यानं एकही शब्द पुस्तकी केला नव्हता, जसं ऐकलं तसं लिहिलं होतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. मी दोन-तीन स्वल्पविराम घातले आणि म्हणालो, "चांगलं उतरवलंयस."

महिन्याभरानं पुण्याच्या त्या पानावर बातमी आली. खाली छापील कागदाचा फोटो होता. तो इस्लामपूरला कॉलेजात असलेल्या राजनंदिनीनं पाहिला. ती धोंडुबाईची भाची, भावाची मुलगी. तिनं तो कवठे महांकाळला वडिलांना पाठवला. पुढच्या रविवारी सकाळी भाऊसो स्वतः माझ्या दारात उभे राहिले.

"गुरुजी, जरा घरी चला. वयनीचं भाऊ आल्यात."

सोप्यात आप्पासो, म्हणजे राजनंदिनीचे वडील, फोन हातात धरून बसले होते. सोबत दोन चुलतभाऊ. शिवतेज खांबापाशी उभा होता. त्यानं शाहनवाजलाही बोलावून घेतलं होतं. तो चपलांपाशी बसला होता. धोंडुबाई माजघराच्या दारात.

"आक्का," आप्पासो म्हणाले, "हे तुझं बोलनं हाय का न्हाई?"

"आदी ऐकू तर द्या. मी काय बोलले ते मलाच ठावं न्हाई."

शिवतेजनं स्पीकर लावला. गाणं सुरू झालं तशी म्हैस खुंट्याला ओढ देऊ लागली.

"हे काय मळनीचं मशीन लावलंय व्हय रं?" एक चुलतभाऊ म्हणाला.

"जरा दम धरा, मामा," शाहनवाज चपलांपासून म्हणाला. "सहाव्या मिनिटाला येतंय."

पाहुणे, दीर, जाऊ, मी, सगळे सहा मिनिटं तो गोंगाट ऐकत बसलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग ड्रम थांबला, भोंगा खाली गेला आणि धोंडुबाईचा आवाज आला. दोन वर्षांपूर्वीचं अंगण तसंच्या तसं सोप्यात आलं. भाऊसोंची बायको डोळ्याला पदर लावून आत गेली. धोंडुबाई रडली नाही. दाराची चौकट धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

आप्पासो पुढे सरकले. "आता सांग. दवाखान्यात न्यायची गाडी यांनी थांबवली का न्हाई? खरं आसंल तर आत्ता आमच्यासंगं चल. या घरात तुला ऱ्हाऊ देत न्हाई."

धोंडुबाईनं एकदा शिवतेजकडे पाहिलं.

"रडताना मानूस कायबी बोलतंय, आप्पा. तू आईच्या टायमाला काय बोल्लावतास, काढू का इथं?"

चुलतभाऊ हसला. आप्पासोही जरा सैल झाले. चहा ठेवा, असं कुणीतरी आत सांगितलं. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात भाऊसो बोलले.

"खरं हाय ते."

"अहो, तुम्ही गप्प राहा," मी हळूच म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

"काट्यावर लाईन हुती. वयनीचा फोन आला, मला वाटलं पित्तच आसंल दादाचं. खेप काट्यावर घालून आलो तवा अर्धा तास गेलावता." ते धोंडुबाईकडे वळले. "वयनी, दोन वर्सं झाली. तुमी एकदा तरी मला इचाराल म्हनून मी वाट बगत हुतो."

खोटं बोलायचं नाही, चुकलं तर उभं राहून सांगायचं, हे मी भाऊसोंनासुद्धा शिकवलेलं. त्यांचा चेहरा हलका झालेला दिसला, आणि क्षणभर मलाही बरं वाटलं. मग मी धोंडुबाईकडे पाहिलं.

"तुमाला कुनी इचारलं, भावजी?" ती म्हणाली. "मी म्हनले ते माज्या दुक्खानं म्हनले, आसं धरून चालले हुते मी. आता तुमीच व्हय म्हंतासा. दोन वर्सं तुमच्या ताटात भाकरी टाकली. उद्या कशी टाकू?"

ती आत गेली आणि कपडे भरू लागली. शिवतेज तिच्या मागे गेला.

"थोरले आई, गानं काढून टाकतो. आत्ताच्या आत्ता काढतो."

"काढ," ती म्हणाली. "ती पिशवी दे इकडं."

त्यानं पिशवी दिली. चहा तसाच राहिला आणि पाहुण्यांची गाडी गेली.

शिवतेजनं गाणं इंटरनेटवरून काढलं. फिनलंडहून साठ कॅसेटी आधीच लोकांकडे गेल्या होत्या. त्या माणसानं कळवलं, ऐकणाऱ्यांना बाईचा आवाज फार आवडला आहे. पुण्याच्या पानावर एक ओळ आली, 'मळी' थांबला, कारण कळलेलं नाही. शाहनवाजनं ड्रमवर ताडपत्री टाकली.

एका संध्याकाळी शिवतेज माझ्याकडे आला.

"गुरुजी, चुकलं कुठं ते सांगा. मी तर खोटं कायच लिवलं न्हवतं."

"तू कागद आणलास तेव्हाच मला कळलं होतं, की हे लिहून ठेवायचं नसतं," मी म्हणालो. "मी गप्प बसलो."

"मग सांगायचं की वो."

"हो. सांगायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एसटीनं कवठे महांकाळला गेलो. आप्पासो घरी नव्हते. धोंडुबाई अंगणात पडवळाच्या वेलाला दोरी बांधत होती. तिनं मला चहा घेणार का विचारलं. शिवतेजला न विचारता भाकरी वाढली आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. म्हैस दूध किती देते, तुझी परीक्षा कधी, आईची कंबर कशी आहे, सगळं विचारलं. भाऊसोंचं नाव निघालं नाही.

शिवतेजला विचारायचं धाडस होईना, म्हणून निघताना मी विचारलं, "मग घरी कधी येताय?"

तिनं ताट उचललं.

"उसाची तोड आली आसंल की तुमच्याकडं," ती म्हणाली. "जावा आता. साडेतीनची गाडी चुकली तर मग सहाशिवाय न्हाई."