डिकीतला फाटका आवाज

सकाळी सहाला एलिऊ माएस्तासने शेगडीत पिन्योनची दोन लाकडं सरकवली, कॉफी चढवली आणि ती उकळेपर्यंत बटाटे चिरून परतायला टाकले. बटाटे, अंडी आणि हिरव्या मिरचीचं कालवण टॉर्टियात गुंडाळून त्याने दोन बुरितो केले. एक बायकोसाठी ताटलीखाली झाकून ठेवला, दुसरा ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ला. एप्रिल लागला होता, तरी एस्पान्योला गावात सकाळी हात खिशातून काढवत नव्हते. सातला त्याने घरामागच्या गॅरेजचं दार वर ढकललं, दिवा लावला आणि फडक्यावर स्क्रूड्रायव्हर मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडले. सन शहाऐंशीपासून त्याचा हाच क्रम होता. या खोऱ्यातल्या निम्म्याअधिक गाड्यांत वाजणारे स्पीकर आणि वूफर याच गॅरेजात बसले होते, आणि त्या प्रत्येकाचा आवाज त्याने मीटर न लावता, नुसत्या कानाने जुळवला होता. लोकही तेच सांगत. मीटरवाले सांता फेला आहेत. कान हवा असेल तर एलिऊकडे जा.

सव्वासातला ऑर्लँडो त्रुहियोची गाडी आली. जमिनीला टेकेल इतकी बुटकी, गर्द लाल, एकोणऐंशी सालची. ऑर्लँडो हा एलिऊच्या मुलीचा धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवसापासून, म्हणजे एकतीस वर्षं, दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारली नव्हती. दोघेही एकमेकांचे कंपादरे.

"कंपादरे, अजून फाटतोय," ऑर्लँडो उतरता उतरता म्हणाला.

"परवाच तर बघितला."

"बघितलास खरा. पण माझी आजी दम्याने खोकायची ना, तसा येतोय."

दोन आठवड्यांत ही तिसरी खेप होती. ईस्टर दहा दिवसांवर आला होता. त्या रविवारी खोऱ्यातल्या सगळ्या गाड्या पुसूनपुसून रिव्हरसाइड रस्त्यावर निघत, चालण्याच्या वेगाने, काचा खाली आणि गाणी मोठ्याने. आणि गेली तीस वर्षं त्या रांगेच्या पुढे हीच लाल गाडी असे. तिचा आवाज म्हणजे एलिऊचा शब्द होता. तो फाटका निघाला, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसलेलं सगळं गाव ते ऐकणार होतं.

त्याने डिकी उघडली. दोन वूफरांची ती पेटी पाहिली की त्याला दर वेळी चौऱ्याण्णवचा उन्हाळा आठवे. प्लायवूडच्या फळ्या दोघांनी मिळून कापल्या होत्या, हवा सुटू नये म्हणून प्रत्येक सांध्यात गोंद भरला होता, आणि उरलेल्या गालिच्याने पेटी मढवली होती. पहिल्यांदा गाणं लावलं तेव्हा घराची खिडकी थरथरली आणि आतून एलिऊच्या आईने बंद करा म्हणून दोघांना देवाची शपथ घातली. एलिऊची तान्ही मुलगी मोनिका मात्र रडायची थांबली. पुढची दोन वर्षं तिला झोपवायचं म्हणजे या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायचं आणि खालचे सूर अगदी हळू लावून नदीकाठाने एक चक्कर मारायची, एवढंच काम असे. त्या चकरांत एलिऊची बायको डेल्फिनिया मागे लेकीशेजारी बसे, आणि पुढे बसलेले दोघे उगाच लांबचा रस्ता धरत.

एलिऊने एकेक गोष्ट पुन्हा तपासली. दोन्ही वूफरांचे पडदे चार बोटांनी अलगद दाबून पाहिले. आत काहीच घासत नव्हतं. अर्थिंगची वायर गाडीच्या उघड्या लोखंडाला घट्ट आवळलेली होती. पेटीच्या सांध्यांवरून त्याने ओला तळवा फिरवला, कुठून वारा लागत नव्हता. नंबरप्लेटमागचं रबरही जागच्या जागी होतं. मग त्याने नेहमीचं गाणं लावलं, साठच्या दशकातलं संथ प्रेमगीत, ज्यावर तो गेली कित्येक वर्षं प्रत्येक गाडी जुळवत आला होता. आवाज भरदार होता. खंजिरी ऐकू येत होती. त्याला कुठेच खोट सापडेना.

ऑर्लँडो कॉफीचा कप हातात धरून डोंगराकडे पाहत उभा होता.

इतक्यात डेल्फिनिया ऑर्लँडोसाठी आपल्या वाट्याचा बुरितो घेऊन आली. गाणं चालू होतं. तिने ताटली टपावर ठेवली आणि जुन्या सवयीने मागच्या सीटवर जाऊन बसली. एलिऊने आरशात तिचा चेहरा पाहिला. दात दुखताना माणूस पापण्या मिटून घेतो, तसे तिने डोळे मिटले होते.

"काय झालं?"

"फाटतंय रे," ती म्हणाली. "पहिल्या ओळीपासून."

तो गाडीतून उतरला. डिकीकडे परत जाऊन अँप्लिफायरच्या कडेला वाकला. तिथे एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवावा तसा वूफर आणि दारांचे स्पीकर, दोन्हींचा आवाज चढतो. पण मर्यादा ओलांडली की सुरांचे शेंडे छाटले जातात आणि वूफर गाण्याऐवजी गुरगुरायला लागतो. आवाज जुळला की एलिऊ त्या स्क्रूच्या कडेला डेल्फिनियाच्या नेलपॉलिशचा एक ठिपका देई. इथवर एलिऊने आणलं, पुढे कुणी हात लावू नये, असा त्याचा अर्थ, आणि गावात कुणी लावतही नसे. या अँप्लिफायरवर दोन ठिपके होते. एक जुना, उडत आलेला गुलाबी. दुसरा दोन आठवड्यांपूर्वीचा, ताजा लाल. दोघांत जवळजवळ पाव फेऱ्याचं अंतर होतं.

त्याने स्क्रू जुन्या ठिपक्यावर आणला.

"आता?"

"आता छान," डेल्फिनिया म्हणाली. "हे आपलं गाणं."

एलिऊने कान दिला. गाणारा होता, खालचे सूरही होते. खंजिरी नव्हती. वाजवणाऱ्याने ती मधेच खाली ठेवून दिली असावी, तसं गाणं एका बाजूने रिकामं झालं होतं. त्याने स्क्रू पुन्हा चढवला. खंजिरी आली, आणि डेल्फिनियाचे डोळे मिटले. त्याने तो परत खाली आणला. ज्या मापाने तो गाड्या जुळवत आला होता, ते माप, त्याचा स्वतःचा कान, तेच झिजलं होतं. खंजिरी ऐकू यावी म्हणून तो स्क्रू चढवत जाई, आणि दर खेपेला ठिपका थोडा पुढे सरके.

त्याने गाणं बंद केलं आणि तो ऑर्लँडोकडे वळला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

ऑर्लँडोने कप ठेवला. "गेल्या ईस्टरपासून. बेनीचा ट्रक केलास ना, तेव्हापासून."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"बेनी तुझ्या दारावरून जाताना गाणं बंद करतो. तुला वाटलं, पोरगा देवभोळा झाला."

एलिऊला हसू आलं आणि तिथेच विरलं. वर्षभर माणसं फाटका आवाज घेऊन हिंडत होती. दुसरीकडे नेऊन दुरुस्त करणं कुणालाच सहज जमलं असतं. त्यासाठी तो ठिपका खरवडावा लागला असता, आणि तेवढं कुणाच्यानं झालं नव्हतं.

"मग तू तरी सांगायचंस. तीनदा आलास."

"ऐकायला आम्हाला तू शिकवलंस, कंपादरे. मी तुला काय सांगू? म्हटलं, तुझं तुलाच सापडेल."

ऑर्लँडो बुरितो खाऊन निघाला. त्याने मुद्दाम गाणं लावलं, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत डेल्फिनिया ऐकत उभी राहिली. एलिऊ मनात नावं मोजत होता. गेल्या ईस्टरपासून, ऑर्लँडोची सोडून, अकरा गाड्या. त्यांतल्या एकाही मालकाने तक्रार केली नव्हती. आता त्यांनी तक्रार करण्याची वाट पाहायची नाही, आणि रविवारच्या रांगेत त्या तशाच जाऊही द्यायच्या नाहीत, हे त्याने हत्यारं आवरता आवरता ठरवलं. सगळ्यात लहान स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि बायकोला विचारलं, दुपारपर्यंत मोकळी आहेस का.

"कान हवेत का तुला?"

"हो."

ती आत जाऊन कोट घालून आली.

बेनी आर्चुलेटा एर्नांदेस नावाच्या शेजारच्या वस्तीत राहत होता. तो दारातच कोंबड्यांना दाणे टाकत होता. एलिऊला पाहून आधी त्याने टोपी काढली, मग ट्रक उत्तम चाललाय, काही म्हणजे काही अडचण नाही, असं न विचारताच सांगून टाकलं. मी तुझा आवाज चुकीचा लावला होता, तो उतरवायला आलोय, असं एलिऊ म्हणाला. बेनीने एकदा डेल्फिनियाकडे पाहिलं आणि किल्ली काढून दिली.

ती ट्रकमध्ये बसली. एलिऊ सीटमागे गुडघ्यांवर वाकला आणि स्क्रू केसभर केसभर मागे घेत गेला. खंजिरी त्याच्यापुरती कधीच संपली होती. तरी तिने हात वर करेपर्यंत तो फिरवत राहिला. मग उठून त्याने पँट झटकली, बेनीच्या बायकोने पुढे केलेल्या कॉफीला पुढच्या खेपेचं आश्वासन दिलं आणि आपल्या गाडीत येऊन बसला.

"आता कोण?" डेल्फिनियाने विचारलं.

"आर्सेनियो. चामिता गावात." त्याने गाडी सुरू केली.