दोन गाण्यांच्या मध्ये

गाणं संपलं आणि बाबा तिथेच थांबले. एक पाय किचनच्या फरशीवर, दुसरा पॅसेजच्या कार्पेटवर.

"भावना! अवं भावना, पाह्य ना, मेला फोन पुन्हा बंद पडला!" आईंनी हाक मारली. बाबांच्या कमरेचा पट्टा त्यांनी मागून दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

मी मीटिंगमध्ये होते. माइक बंद करून धावले, बाबांच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि पुढचं गाणं लावलं. ढोलकी सुरू झाली, तसा बाबांचा मागचा पाय सुटला आणि ते पॅसेजमधून सोफ्यापर्यंत चालत गेले. आई पट्टा धरून मागोमाग.

"कम्प्युटरवाली सून आहे म्हणून अख्ख्या इंदोऱ्यात सांगत फिरली मी," सोफ्याशी पोचल्यावर आई धापा टाकत म्हणाल्या, "अन् एक फोन सुधारत नाही तुले."

दुसऱ्यांनी बनवलेल्या मोबाइल अ‍ॅपमधल्या चुका शोधणं हाच माझा धंदा आहे. अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या या घरात बसून मी दिवसाला वीस-वीस चुका शोधून काढते, आणि घरातला एक फोन मला तीन आठवडे दाद देत नव्हता. चारचौघांत सांगायची सोय नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे, भानुदास. नागपूरच्या इंदोरा वस्तीत राहायचे, महापालिकेच्या पाण्याच्या टाकीवर फिटर होते. दिवसा व्हॉल्व्ह फिरवायचे आणि संध्याकाळी ढोलकी वाजवायचे. त्यांची गायन पार्टी होती. भीमजयंतीच्या महिन्यात त्यांना घरी जेवायला सवड नसे. गायक बदलत गेले, ढोलकी बाबांचीच राहिली. दोन कॅसेटी निघाल्या, त्यांच्यावर छापलं होतं: भानुदास आणि पार्टी.

आई, म्हणजे रत्नाबाई, सकाळी बालवाडीत सेविका आणि संध्याकाळी कोरसमध्ये. खंजिरी त्यांची. "तुमचं नाव कुठे आहे कॅसेटवर?" असं मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आहे ना. 'आणि पार्टी', ते मीच."

सहा वर्षांपूर्वी पार्किन्सनने बाबांच्या हाताला कंप सुटला आणि ढोलकी गेली. दोघं आमच्याकडे आले. मग पाय रुतायला लागले. चालता चालता मध्येच, विशेषतः दारात, पाय जमिनीला चिकटून बसतात. बाबांना पुढे जायचं असतं, पाय ऐकत नाहीत. थेरपिस्ट मार्सेला दर मंगळवारी येते. ठेका मिळाला की पाय सुटतात म्हणून तिने पहिल्यांदा फोनवर नुसती टिकटिक लावून पाहिली. बाबा म्हणाले, "हे काय घड्याळ बांधून राहिली गळ्यात?" पण नागपूरहून माझ्या नवऱ्याच्या, प्रफुल्लच्या, चुलतभावाने, अमनने, त्या दोन कॅसेटींतली बारा गाणी फोनवर पाठवली होती. आईंनी सहज त्यातलं एक लावलं आणि स्वतःची ढोलकी ऐकून बाबा जे उठले, ते थेट बाथरूमचं दार ओलांडून गेले. मार्सेलाने टाळ्या वाजवल्या. आई तर पदर तोंडाला लावून रडल्याच.

फक्त गाणं वाजेपर्यंत. गाणं थांबलं की पाय थांबले.

सुरुवातीला प्रत्येक गाणं वेगळं उघडावं लागायचं. फेब्रुवारीत एकदा पुढचं गाणं लावायला आईंनी पट्ट्यावरचा एक हात सोडला आणि बाबा गुडघ्यांवर आपटले. हाड मोडलं नाही, पण आईंचा धीर मोडला. "आता मी हात सोडत नाही. गाणं सोताहून चालत राह्यलं तर चालवीन, नाही तर नाही."

आणि चालायचं तर होतंच. मागच्या एप्रिलमध्ये ह्यूस्टनच्या हॉलमध्ये आमच्या लोकांनी जयंती केली, तेव्हा बाबांना व्हीलचेअरवर नेलं होतं. सगळ्यांनी रांगेने बाबासाहेबांच्या फोटोला फुलं वाहिली. बाबांना कुणी तरी ढकलत पुढे नेलं आणि खुर्चीतून त्यांचा हात टेबलापर्यंत पोचेना. त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच फूल ठेवलं. परतताना गाडीत ते म्हणाले, "पुढच्या साली मले नेऊ नका. त्यांच्यापुढे बसून जाणं होत नाही मायाच्यानं." आयुष्यभर ज्या माणसाने जयंतीला ढोलकी वाजवली, तो जयंतीला घरात बसणार होता. आणि ते घरात तर आईही घरात. मला ते सहन होत नव्हतं. प्रफुल्ल तर त्या दिवसानंतर जयंतीचा विषयच काढत नव्हता.

म्हणून मी कंबर कसली. चांगलं म्युझिक प्लेअर टाकलं, बारा गाण्यांची यादी केली. माझ्या टेबलावर बाराच्या बारा गाणी एका दमात वाजायची. फोन आईंच्या हातात गेला की एकच. बॅटरी वाचवायची सेटिंग बदलली, अपडेट केलं, प्लेअर काढून दुसरं टाकलं. माझ्याकडे बारा, आईंकडे एक.

"यार, आईच्या हातालाच काही तरी आहे," प्रफुल्ल म्हणाला. म्हणे इंजिनिअर!

शेवटी एका शनिवारी मी फोन आईंच्या हातात दिला आणि स्टुलावर बसून नुसत्या आईंकडे पाहत राहिले. त्यांनी चष्मा लावला. यादी उघडली. गाणं लावलं. ढोलकी वाजू लागली. मग त्यांनी अंगठा खालून वर सरकवला, उघड्या असलेल्या साऱ्या खिडक्या एकेक करून वर उडवून दिल्या, आमचं प्लेअरही त्यातच उडवलं, बाजूचं बटण दाबून स्क्रीन काळी केली आणि फोन बाबांच्या खिशात ठेवला. लागलेलं गाणं तेवढं वाजत राहिलं.

"आई! हे काय केलंत?"

"काय केलं?"

"बंद का केलंत सगळं?"

"मग? प्रफुल्लनंच तं सांगितलं होतं, उघडं राह्यलं की बॅटरी जाते. गाणं तं लागलं ना? मग दिवा कायले जळत ठेवायचा?"

बालवाडीतून निघताना पंखे, दिवे, नळ, खिडक्या बंद करून दोनदा मागे वळून पाहणारी बाई. छत्तीस वर्षांची सवय. आपल्या घरातही त्या खोलीतून गेल्या की मागे अंधार होतो, हे मी रोज पाहते. आणि तीन आठवडे मी त्या फोनकडे पाहत होते, आईंकडे नाही. ऑफिसात नव्या पोरांना मी पहिला धडा काय देते? आधी वापरणाऱ्या माणसाकडे बघा. मी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. आईंना राग आला, मग त्याही हसल्या.

"हे एवढं एक उघडं ठेवायचं, आई. बाकी सगळं खुशाल बंद करा."

"जळू देऊ म्हणतं?"

"जळू द्या."

त्या दिवशी गाणं संपलं आणि दुसरं आपोआप लागलं. तरीही बाबा थांबलेच. दोन गाण्यांच्या मध्ये चार सेकंद शांतता होती. टेबलावर काम करताना मला ती कधी जाणवली नव्हती. बाबांच्या पायांना चार सेकंद पुष्कळ झाले.

एकच गाणं पुन्हा पुन्हा लावू का, असं विचारलं, तर बाबा म्हणाले, "एकच? पब्लिक दगड मारंल." शिवाय मध्ये शांतता उरायचीच. मग मी प्लेअरमध्ये एक सोय शोधली. पहिलं गाणं विरत असतानाच दुसरं हळूहळू वर येतं, मध्ये जागाच राहत नाही. मी खूश होऊन लावलं. पॅसेजच्या मध्यावर दोन ठेके एकमेकांत शिरले आणि बाबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या ताटात वरणावर चहा ओतला.

"बंद करा हे!" एवढा मोठा आवाज त्यांनी वर्षभरात काढला नव्हता. "लय आहे का हे?"

आणि ते जे थांबले, ते खुर्ची आणावी लागली. जयंतीला दोन आठवडे उरले होते. मी किचनमध्ये जाऊन उगाच भांडी आवरू लागले. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू?

आई मागून आल्या. "नाराज नको होऊ."

"तुम्ही स्टेजवर काय करायचात, आई? दोन गाण्यांच्या मध्ये?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "थांबत कोण होतं? थांबलं की पब्लिक उठते ना, बापा. गायक पाणी पिवून राह्यला, तरी ह्यांची ढोलकी चालू. अन् ढोलकी उतरली, की हे ती कसून घेईपर्यंत मी खंजिरीवर ठेका धरून ठेवायची. पहिल्या गाण्याच्या चालीत उचलायचा अन् पुढच्या गाण्याच्या चालीत आणून सोडायचा. कोणाले समजतही नसे मध्ये काय झालं ते."

"मग कॅसेटमध्ये का नाही ते?"

"कंपनीवाल्यानं सांगितलं, गाणं संपलं की चूप बसा. मधलं सारं कापलं."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

खंजिरी नागपूरलाच राहिली होती. आईंनी मांडणीवरचे स्टीलचे डबे बोटांनी वाजवून पाहिले आणि पोह्यांचा रिकामा डबा पसंत केला. झाकण थोडं सैल ठेवलं, म्हणजे ते खुळखुळतं. चार दिवस, दुपारी बाबा झोपले की, आम्ही दोघी माझ्या खोलीत दार लावून बसायचो. मी गाण्याचा शेवट ऐकवायची, पुढच्याची सुरुवात ऐकवायची. आई डोळे मिटून दोन्हींच्या मधलं वाजवायच्या, मी ते रेकॉर्ड करायची. बारा गाणी, अकरा जागा. एकेका जागेला सहा-सहा वेळा. "नाही जमलं, पुन्हा." "हे घाईत गेलं, पुन्हा." माझ्या ऑफिसात इतकी कडक तपासणी कुणी करत नाही. शेवटी गाण्यांच्या टोकांची शांतता कापून, सगळं जोडून एक सलग यादी झाली. तिला मी 'बाबा वॉक फायनल ३' असं नाव दिलं. बाबांना आम्ही काही सांगितलं नाही. घरात पहिल्या गाण्यापलीकडे आईंनी ती वाजूही दिली नाही. "त्यांच्या कानावर पडलं अन् नाही आवडलं, तर तिथं कोण उठवंल त्यांले?" असं त्यांचं म्हणणं. आणि पहिलं गाणं संपेपर्यंत बाबा दमून बसलेले असायचे.

म्हणजे खरी परीक्षा जयंतीलाच होती. मला हे मुळीच पसंत नव्हतं. पण आईंपुढे कुणाचं चालतं?

जयंतीच्या शनिवारी ह्यूस्टनला सकाळीच घामाच्या धारा लागल्या होत्या. पांढराशुभ्र शर्ट, निळा रुमाल, खिशात फोन. व्हीलचेअर प्रफुल्लने डिकीत ठेवली होती, वर चादर टाकून. बाबा गाडीतून उतरले, आईंनी मागून पट्टा धरला, मी गाणं लावलं. पार्किंग पार झालं. रॅम्प चढले. दारात मी देवाचं नाव घेणार होते, पण आमच्यात ती सोय नाही. बाबांनी उंबरा ओलांडला.

हॉलमध्ये दीडशे माणसं. "जयभीम, काका!" "जयभीम, काका, चालत आलात!" जो तो पुढे येत होता, बाबा प्रत्येकाला मान लववत होते आणि चाल मंदावत होती. मी मनात गाण्याची मिनिटं मोजत होते. अर्ध्या हॉलमध्ये, दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांच्या मधोमध, गाणं संपलं.

आणि बाबांच्या खिशातून पोह्यांचा डबा वाजू लागला.

बाबांचा पाय उचललेला होता. तो खाली टेकला. मग दुसरा उचलला गेला. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला.

"कोण आहे हे?"

"पुढं पाहा," आई मागून म्हणाल्या.

"रत्ना, तूच ना?"

"पुढं पाहा म्हणते ना!"

ठेका हळूच बदलला आणि पुढच्या गाण्याची ढोलकी त्यात येऊन मिळाली. बाबा टेबलाशी पोचले. थरथरत्या हाताने त्यांनी फूल उचललं. तीन पाकळ्या वाटेत गळल्या, पण फूल त्यांनी स्वतः ठेवलं, उभ्याने. प्रफुल्ल भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होता. पुसू दिला.

कार्यक्रम संपल्यावर निघायची वेळ झाली, तेव्हा मी फोन काढून यादी पुन्हा लावायला घेतली. बाबांनी स्क्रीनकडे बोट केलं. "हे काय लिहिलं?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. शब्द सापडायला त्यांना हल्ली वेळ लागतो. आम्ही थांबलो.

"बदल," ते म्हणाले. "लिही... रत्नाबाई आणि पार्टी."

"काहीतरीच तुमचं!" आई म्हणाल्या आणि नीटच असलेला पट्टा पुन्हा आवळू लागल्या.

मी लिहिलं आणि फोन आईंकडे दिला. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, मग परत वाचलं. गाणं लावलं. सवयीने त्यांचा अंगठा सगळं बंद करायला स्क्रीनच्या खालच्या कडेशी गेला. तिथेच थांबला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि फोन तसाच, उजेडासकट, बाबांच्या खिशात ठेवला.