पेन्सिलीच्या फुल्या

नवरा गेल्यावर लॉन्ड्री चालवायची की विकायची, यावर घरात दोन मतं पडली. तिचं मत कुणी विचारलंच नाही. पंधराव्या दिवशी तिने शटर वर केलं, बॉयलर पेटवला आणि हॉटेलच्या चादरी मशीनमध्ये टाकल्या. तेव्हा कुठे सगळे गप्प झाले.

कपडे तिला कळायचे. कुठला डाग गरम पाण्याने निघतो आणि कुठला पक्का बसतो, हे ती कापड नुसतं हातात घेऊन सांगायची. बँकेचे कागद मात्र कायम नवऱ्यानेच बघितलेले. ते काम मग त्याच्या शाळासोबत्याने अंगावर घेतलं. तो कोपऱ्यावरच्याच बँकेत अधिकारी होता. ती त्याला भावोजी म्हणायची. दुकानाचं चालू खातं त्यानेच धावपळ करून तिच्या नावावर करून दिलं. कागद घेऊन स्वतः दुकानात यायचा, सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असायची.

"वहिनी, फुली दिसली की सही ठोका. बाकीचं माझ्यावर सोडा."

तिने सोडलं. आठ वर्षं सोडलं.

गेल्या दोन वर्षांत खात्याचं शुल्क चढत गेलं. आधी थोडं, मग दुप्पट, आणि या वर्षी एवढं की महिन्यातले दोन दिवस आपण नुसत्या बँकेसाठी इस्त्री फिरवतो, हे तिच्या लक्षात आलं. तिने भावोजींना विचारलं. एकदा नाही, तीनदा.

"सगळीकडे हेच आहे हो," ते दर वेळी म्हणाले. "वरून ठरतं ते. दुसरीकडे गेलात तर याहून सोलतील."

शेजारच्या सायकलवाल्यापाशी ती एकदा सहज बोलून गेली. तो चाकातली वाकडी तार सरळ करत होता. हातातला पाना त्याने खाली ठेवला.

"एवढं? मी गेल्या वर्षीच चौकापलीकडच्या बँकेत गेलो. छदामही कापत नाहीत."

"पण भावोजी म्हणाले…"

"वहिनी, भीड भिकेची बहीण. खात्याचे उतारे घ्या आणि विचारून तर या. विचारायला काही पडत नाही."

दुसऱ्या दिवशी ती गेली ती मागच्या गल्लीने. भावोजींच्या खिडकीतून आपण दिसू नये म्हणून. आपणच काही वाईट करतोय असं तिला वाटत होतं.

नव्या बँकेतल्या खिडकीवरच्या बाईंनी उतारे चाळले आणि चष्मा वर सरकवला.

"ताई, हे साधं चालू खातं नाही. मोठ्या कंपन्यांसाठी असतं हे. परदेशी व्यवहार, स्वतंत्र अधिकारी, विमानतळावर बसायला वेगळी खोली. तुम्ही यातलं काय वापरता?"

"मी वाफेची इस्त्री वापरते," ती म्हणाली.

बाई हसल्या, मग तिचा चेहरा बघून थांबल्या. "मग हे घेतलंत कशाला?"

"मी नाही घेतलं."

"तुमच्या सहीशिवाय होत नाही ते."

आणि तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी, ऐन गर्दीच्या सकाळी भावोजी आले होते. पत्ता नव्याने नोंदवायचाय म्हणाले. तीन फुल्या होत्या. ओले हात एप्रनला पुसून तिने तीन सह्या केल्या होत्या.

येताना ती मागच्या गल्लीने आली नाही. थेट कोपऱ्यावरच्या बँकेत शिरली आणि तो फॉर्म मागितला. कारकुनाने फायलीतून काढून दिला. सह्या तिच्याच होत्या. शेजारच्या फुल्या पुसायचीही कुणी तसदी घेतली नव्हती. शिफारस करणाऱ्याच्या रकान्यात भावोजींचं नाव होतं.

फॉर्म घेऊन ती त्यांच्या टेबलासमोर बसली.

"भावोजी, तुमच्याकडे साधं खातं मिळतं?"

त्यांनी कागद पाहिला. "मिळतं."

"शुल्क?"

"नसल्यासारखंच."

ती बघत राहिली. त्यांनी आवाज खाली आणला. "वहिनी, त्या वर्षी शाखेला चाळीस खाती वरच्या दर्जात न्यायची होती. एकोणचाळीस झाली होती, शेवटचा दिवस होता. म्हटलं, दोन महिन्यांनी तुमचं परत साधं करून देऊ. मग राहून गेलं."

"मी तीनदा विचारलं. तीनदा राहून गेलं?"

"हळू बोला, लोक बघतायत."

"चाळिसावं म्हणून एखादं परकं गिऱ्हाईक नाही मिळालं तुम्हाला?"

"परका माणूस फॉर्म वाचतो, वहिनी."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली. तिच्या कानशिलात मात्र कुणीतरी वाजवल्यासारखं झालं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर आपणच मान पुढे केलेली. ती रडली नाही. तिने खातं बंद करायचा फॉर्म मागितला, तिथेच बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पाऊण तास लागला.

बँक बदलणं म्हणजे नुसती सही नव्हती. हॉटेल, दवाखाना, शाळेचं वसतिगृह, सगळ्यांना नवा खातेक्रमांक कळवावा लागला. तिने लेखी तक्रारही केली. दीड महिन्याने उत्तर आलं. 'प्रिय ग्राहक' अशी सुरुवात, आणि सदिच्छा म्हणून तीन महिन्यांचं शुल्क परत. दोन वर्षांबद्दल अवाक्षर नाही.

त्या आठवड्यात भावोजी दुकानात आले. त्यांनी काउंटरवर एक पाकीट ठेवलं.

"हे बँकेचे की तुमचे?" तिने विचारलं.

"माझे."

"मग उचला."

ते तिथेच घुटमळले. "तो असता ना वहिनी, तर त्याने मला माफ केलं असतं."

"ते असते तर तुम्ही तो कागद आणलाच नसता."

त्यांनी पाकीट खिशात घातलं. पायरी उतरताना त्यांचा तोल जरासा गेला, तिचा हात सवयीने पुढे झाला, आणि तिने तो मागे घेतला.

नव्या खात्याला शुल्क पडत नाही. पहिल्या महिन्याचा उतारा तिने दोनदा वाचला, पण आनंद असा झालाच नाही. रविवारी नणंदेचा फोन आला.

"बँक बदललीस म्हणे?"

"हो. तिकडे काही कापत नाहीत."

"बरं केलंस. पण भावोजींना वाईट वाटलं असेल गं. सख्ख्यासारखं केलं त्यांनी तुझं."

तिने समोरचा उतारा घडी करून गल्ल्यात ठेवला.

"वाटलं असेल," ती म्हणाली, आणि बॉयलर बंद करायचाय म्हणून फोन ठेवला.